दर्यानं दिलं, असं म्हणू नका

धातू शोधणारं मशीन घेऊन गोव्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सगळ्या मित्रांना,

सप्रेम नमस्कार.

दहा-बारा वर्षांपूर्वी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी केरीपासून मोरजीपर्यंत चालत गेलं, तर कानाला हेडफोन आणि हातात डिटेक्टर असलेला माणूस मी एकटाच असायचो. आता तसं राहिलं नाही. रविवारी संध्याकाळी गर्दी ओसरली की कळंगुटला, बाग्याला, मांद्र्याला छातीभर पाण्यात कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, फिरवणारे दोघं-तिघं हमखास दिसतात. त्यातल्या काहींशी माझी ओळख झाली आहे, काहींशी नुसतं लांबून हात वर करण्याइतपत नातं आहे. बहुतेक जण पंचविशीच्या आतबाहेरचे. लाट अंगावर घेत तासन्‌तास वाळू चाळायची चिकाटी तुमच्यात आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एकानं मला मुठीतून एक अंगठी काढून दाखवली. बायकी, नाजूक, पांढऱ्या खड्याची. डोळे चमकत होते त्याचे. म्हणाला, "काका, दर्यानं दिलं!" मी "छान" म्हणालो आणि पुढे गेलो. तिथेच थांबून त्याला जे सांगायला हवं होतं ते मला सुचलं नाही. घरी आल्यावर झोप लागेना. म्हणून हे पत्र, त्याला आणि तुम्हा सगळ्यांना.

हे शब्द आपल्या किनाऱ्याचेच आहेत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, भरून आली, वाळूवर तारल्या-बांगड्यांचा ढीग पडला की म्हातारे रापणकार समुद्राकडे बघून हात जोडतात आणि दर्यानं दिलं म्हणतात. दोराला ज्यानं ज्यानं हात लावला त्याला वाटा मिळतो, ही रीतसुद्धा त्यांचीच. मी त्याच रीतीत वाढलो. पण बांगडा जाळ्यात येण्याआधी कुणाचा नसतो. अंगठी कुणाच्या तरी बोटातून निसटलेली असते. दर्या तिचा मालक नव्हता, म्हणून तो ती कुणाला देऊही शकत नाही. ती फक्त त्याच्याकडे पडून होती.

मला हे शहाणपण जन्मजात आलेलं नाही. माझा पहिला मोसम होता. हणजुण्याच्या जांभ्या खडकांत, गुडघाभर पाण्यात, एका कपारीत मशीन वाजलं. जांभ्यात लोखंड इतकं असतं की तिथे खोटे आवाज सतत येतात, पण हा आवाज गोल आणि ठाम होता. दोन बोटं कपारीत घातली आणि अंगठी हाताला लागली. सोन्याची, पुरुषी घडणीची, आतल्या बाजूला दोन अक्षरं आणि एक तारीख कोरलेली. ती अक्षरं मी ओल्या अंगठ्यानं पुसून वाचली होती, हे मला आजही आठवतं. वाचली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी म्हापशाला जाऊन ती एका सोनाराला विकली. त्यानं कसोटीवर घासली, तोलली, नोटा मोजल्या. दहा मिनिटांचं काम.

पंधरा दिवसांनी त्याच किनाऱ्यावरच्या शॅकच्या खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला कागद दिसला. तीच दोन अक्षरं, तीच तारीख, खाली पुण्याचा फोन नंबर. मी धावत म्हापशाला गेलो. सोनार म्हणाला, ते तर कधीच आटवलं. त्या रात्री मी त्या नंबरवर फोन केला. खोटं बोलायचं ठरवून केला होता, पण पलीकडून बाईंचा आवाज ऐकला आणि सगळं खरं सांगून टाकलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "कुठे सापडली होती?" मी खडक सांगितला, कपार सांगितली, पाणी किती होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही बसलो होतो तिथेच." मी पैसे पाठवतो म्हणालो. त्यांनी नको म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, सापडेल त्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवायची म्हणून, मी शंभर पानी वही विकत घेतली. ती वही आणि नंतरच्या दोन, अशा तीन वह्या आज माझ्याकडे आहेत, आणि तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे की तुमच्यातल्या प्रत्येकाची अशी एक वही असावी.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की समुद्रात सापडलेल्या वस्तूला कायदाच नाही. आहे, आणि तो जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७१ वं कलम सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच असते. म्हणजे अंगठी उचलली त्या क्षणापासून आपण तिचे राखणदार झालो. भारतीय न्याय संहितेचं ३१४ वं कलम, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेतलं ४०३ वं, याहून स्पष्ट आहे. मालक कोण हे ठाऊक असताना, किंवा शोधण्याचं साधन हाताशी असताना वस्तू स्वतःच्या कामी लावली, तर तो गुन्हा आहे. मालक ठाऊक नसेल तरीही आधी त्याला शोधण्याचा वाजवी प्रयत्न करायचा, त्याला कळेल असं काही करायचं आणि त्याला येऊन मागता येईल इतका काळ वस्तू जपून ठेवायची. यातलं काहीच न करता विकली, तर शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची. हणजुण्याची ती अंगठी मी विकली तेव्हा आत कोरलेली अक्षरं आणि तारीख हेच मालक शोधण्याचं साधन होतं. मी गुन्हा केला होता, आणि ते मला नंतर कळलं.

त्याच करार कायद्यात आपल्या बाजूचीही गोष्ट आहे. १६८ वं कलम सांगतं की वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला झालेला खर्च मिळेपर्यंत ती आपल्यापाशी ठेवता येते, आणि मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागण्याचा हक्कही आपल्याला आहे. आपल्या कष्टांना कायद्यात जागा आहे. चोरून करावं असं या कामात काही नाही.

आता साधनाबद्दल. माझ्या वेळी आत कोरलेलं नाव सोडलं तर बहुतेक दागिन्यांवर ओळखीचं फारसं काही नसायचं. आता परिस्थिती बदलली आहे आणि ते तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक कोरला जातो. त्याला एचयूआयडी म्हणतात, आणि प्रत्येक नगाचा तो वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानात विकायलाच बंदी आहे. अंगठीच्या आत, त्रिकोणी चिन्हाच्या आणि शुद्धतेच्या आकड्याच्या शेजारी बघा. अक्षरं इतकी बारीक असतात की सोनाराचं भिंग लागतं. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक घातला की दागिना कुठल्या नोंदणीकृत सराफाचा, कुठल्या केंद्रात तपासला, शुद्धता किती, हे समोर येतं. गिऱ्हाइकाचं नाव त्यात नसतं. पण सराफाकडे बिल असतं. मी गेल्या वर्षी अशाच एका क्रमांकावरून एका सराफाला फोन केला. त्यानं मला गिऱ्हाइकाचा नंबर दिला नाही, आणि बरोबरच केलं. माझा नंबर त्यानं गिऱ्हाइकाला दिला. संध्याकाळी फोन आला. कळंगुटच्या वाळूत गेलेली बांगडी चार दिवसांत घरी पोचली.

वहीत काय लिहायचं? तारीख, किनारा, भरती-सुकती, पाणी किती होतं, वस्तू कोणती, वजन, खुणा. फोटो काढा, पण तो लोकांत टाकू नका. "मोरजीला एक अंगठी सापडली आहे, ज्यांची असेल त्यांनी खूण सांगावी," इतकंच जाहीर करा आणि निदान एक खूण पोटात ठेवा. जो येईल त्याला आधी वर्णन करू द्या, मग हातातली वस्तू त्याच्या लग्नाच्या किंवा बारशाच्या फोटोशी ताडून बघा. घाईनं एकदा मी चुकीच्या माणसाला चांदीचं कडं देऊन बसलो आहे. खरा मालक दोन आठवड्यांनी आला. तो रागावला नाही, पण मान हलवत गेला. ती नोंद माझ्या वहीत लाल शाईत आहे. कुणीच आलं नाही, तर वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

आता ज्याच्यासाठी आपण हे सगळं करतो त्या कामाविषयी थोडं लिहू द्या, कारण नीट शोधलं नाही तर नीट परतही देता येत नाही.

एका डिसेंबरमध्ये हरमलला रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सांगलीकडच्या एका मावशींचं मंगळसूत्र लाटेत तुटलं. भरती लागली होती. मी पोचलो तेव्हा त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि मदतीला धावलेले वीसेक पर्यटक पायांनी वाळू उकरत होते. हे सगळ्यांत वाईट. बावीस कॅरेटचं सोनं तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा सहा-सात पट जड असतं. लाट वाळू ढवळते तेव्हा ते आपोआप खाली सरकतं आणि शिंपल्यांचा किंवा चिकणमातीचा घट्ट थर लागला की तिथे थांबतं. माणसं तुडवायला लागली की ते आणखी खाली जातं, शिवाय नेमकी जागा पुसली जाते. म्हणून पहिलं काम सगळ्यांना हात जोडून बाहेर काढायचं.

दुसरं काम जागा धरायची. मावशींना मी कंबरभर पाण्यात तिथेच उभं केलं आणि किनाऱ्याकडे तोंड करायला सांगितलं. "लाट आली तेव्हा समोर काय दिसत होतं?" त्यांना आधी काहीच आठवेना. रडत होत्या. मग म्हणाल्या, निळ्या पत्र्याच्या शॅकमागे वाकडा माड होता, आणि उजवीकडे खुरीस, म्हणजे क्रूस. मासेमारी करणारे खोल पाण्यात जाळ्याची जागा अशीच धरतात, दोन खुणा एका रेषेत आणून. माड आणि पत्र्याचा कोपरा एका रेषेत, खुरीस आणि डोंगराची सोंड दुसऱ्या रेषेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे मी कागदावर फुली केली. त्या संध्याकाळी शोधलं नाही. भरतीत, अंधारात शोधणं म्हणजे जीव आणि जागा दोन्ही घालवणं.

बुधवारी पौर्णिमा होती. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला सुकती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येते आणि पाणी नेहमीपेक्षा लांब हटतं. जिथे रविवारी कंबरभर होतं तिथे बुधवारी पहाटे घोट्याएवढं उरलं. यजमान नोकरीसाठी परत गेले होते, मावशी मुलाबरोबर थांबल्या होत्या. दोन काठ्या, मध्ये दोरी, दोरीला धरून एक पट्टा, मग दोरी हातभर सरकवून दुसरा पट्टा, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून, सावकाश.

मंगळसूत्र मशीनला कसं ऐकू येतं हे समजून घ्या, कारण इथे बरेच जण हार मानतात. काळे मणी काचेचे, त्यांचा आवाज नाही. बारीक साखळी मशीनला साखळी म्हणून दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते आणि ती इतकी लहान असते की जेमतेम कुजबुजते. ऐकू येतात त्या फक्त वाट्या. म्हणून मंगळसूत्र शोधताना दोन छोटे, जवळजवळचे आवाज शोधायचे. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळायची सोय, बंद ठेवायचं. चॉकलेटच्या चांदीचा आवाज नको म्हणून तो कापला की पातळ सोनंही त्याच्याबरोबर कापलं जातं. कॅनचं झाकण, जाळ्याच्या शिशाच्या गुळ्या, बाटलीची बुचं, सगळं उपसायची तयारी हवी. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीचं मशीन ओल्या वाळूत लाटेबरोबर कुरकुरत राहतं. पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे ठोके सोडणारं, किंवा एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन तिथे शांत चालतं. नवीन घेणाऱ्यांनी एवढं बघूनच घ्यावं.

सातव्या पट्ट्यात पहिला आवाज आला. स्कूप घातला, वाळू गाळली, शिंपल्यांच्या चुऱ्यात वाटीची पिवळी कड दिसली. दुसरी वाटी हातभर अंतरावर, थोडी खोल. साखळीचा बोटभर तुकडा नंतर मिळाला. बाकी काही नाही. मावशी पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. दोन्ही वाट्या त्यांनी ओंजळीत घेतल्या, समुद्राच्या पाण्यातच एकदा धुतल्या, आणि उभ्या उभ्या पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधून टाकल्या. आईच्या पाटल्या मोडून केल्या होत्या, असं मुलानं मला नंतर सांगितलं. मणी मिळाले नाहीत म्हणून मी दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा त्या म्हणाल्या, मणी गावात ओवून मिळतील.

पैशांचं आता सांगतो. हे काम फुकट करा असं मी म्हणणार नाही. मशीन महाग असतं, पेट्रोल लागतं, दिवस मोडतो. पण शोधणावळ पाण्यात उतरायच्या आधी ठरवा. माझी पद्धत अशी की जायचा-यायचा खर्च आणि एक ठरावीक दिवसाची मजुरी, वस्तू मिळो न मिळो. मिळाल्यावर मालकानं आनंदानं काही दिलं तर घ्यायचं. सापडल्यानंतर भाव करणं मात्र मला सहन होत नाही. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका किनाऱ्यावर मी ते डोळ्यांनी पाहिलं. साखळी मुठीत धरून एक जण मालकिणीला म्हणत होता, निम्मी किंमत द्या, नाहीतर सापडलीच नाही असं समजा. कडेवर तान्हं मूल घेऊन ती बाई नवऱ्याला फोन लावत होती. जीवरक्षकांनी मध्ये पडून ते मिटवलं. पण त्या दिवसानंतर त्या किनाऱ्यावर मशीन दिसलं की लोक संशयानं बघतात, आणि तो संशय तुमच्या-माझ्या वाट्याला येतो. खर्च मिळेपर्यंत वस्तू ठेवायची मुभा कायद्यानं दिली आहे ती खर्चापुरती. अडलेल्या माणसाला पिळायला दिलेली नाही.

जीवरक्षकांचा विषय निघालाच आहे तर, कुठल्याही किनाऱ्यावर उतरण्याआधी त्यांना सांगा. तुमचा नंबर त्यांच्या मनोऱ्यावर लिहून ठेवा. अंगठी हरवलेला माणूस सगळ्यांत आधी त्यांच्याकडेच धावतो. माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून अधिक हाका त्यांच्याच मार्फत आल्या आहेत. पंचायतींनीही मनोऱ्यापाशी एक हरवल्या-सापडल्याची नोंदवही ठेवली तर बरं होईल, ते मी त्यांना वेगळं कळवीनच.

एक विषय मला जास्त काळजीचा वाटतो, तो जुन्या वस्तूंचा. तुमच्यातले काही जण आता आग्वादच्या, शापोऱ्याच्या, तेरेखोलच्या किल्ल्यांखालच्या पाण्यात नाणी शोधायला जातात असं ऐकतो. कृपा करून जाऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं, शिल्प, धातूची वस्तू ही पुरावस्तू ठरते. ती अंगठीसारखी एखाद्या घराची नसते, आणि तिची खरी किंमत ती कुठे, कशाशेजारी, किती खोल पडली होती यात असते. मुरगावजवळच्या सुंची खडकापाशी सतराव्या शतकातलं एक पोर्तुगीज जहाज बुडालेलं आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे बुड्या मारून हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, लोखंडी तोफा यांची नोंद केली. आफ्रिकेचे दात आणि चीनची भांडी एकाच ढिगात सापडली, म्हणून ते जहाज कुठल्या व्यापाराचं होतं यावर बोलता आलं. त्यातलं एकेक भांडं कुणी आधीच उचलून नेलं असतं, तर उरला असता नुसता लोखंडाचा ढीग. आणि लोखंड तरी काय उरतं! शेकडो वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेली लोखंडी वस्तू बाहेर काढून नुसती वाळवली, की आत मुरलेल्या क्षारांमुळे ती पापुद्रे सुटून फुटत जाते. महिनोन्‌महिने प्रक्रिया करून ते क्षार काढावे लागतात. घरच्या बादलीत ते होत नाही. असं काही दिसलं तर हात लावू नका. जागा लिहून घ्या, फोटो काढा आणि संस्थेला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. शोध तुमच्याच नावावर राहील.

मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, दीडेक फुटावर. आपला स्कूप तेवढाच खोल जातो. त्या महिन्यांत त्या किनाऱ्यांच्या कोरड्या वाळूत खणूच नका, पाण्यात काय ते करा. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा, कुठल्याही किनाऱ्यावर. रात्री पळणाऱ्या पोराचा पाय त्यात मुरगळतो.

जिवाचं थोडक्यात, कारण तुम्ही दर्याकाठचीच पोरं आहात. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही, कुणी कितीही रडत आलं तरी नाही. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि ऑक्टोबरनंतर ती हळूहळू परत येते. मे महिन्यात हरवलेली वस्तू त्या काळात तशीही मिळत नाही, हे मालकाला समजावून सांगा. छातीच्या वर पाणी असेल तर एकट्यानं जाऊ नका. हेडफोनमध्ये कान आणि वाळूत डोळे असले की पाठीमागची लाट कळत नाही. हवेची टाकी लावून शोधणाऱ्यांनी रीतसर शिकूनच उतरावं. टाकीतल्या हवेवर असताना श्वास रोखून वर आलं, तर दोन-तीन मीटरमध्येसुद्धा फुप्फुस फाटू शकतं. स्नॉर्कलवर वाढलेल्या पोराला ते खरं वाटत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ज्यानं मला ती पांढऱ्या खड्याची अंगठी दाखवली, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. तुझ्याकडे ती अजून असेल तर भिंग घेऊन आत बघ. सहा अक्षरं असतील तर मला फोन कर, आपण दोघं मिळून सराफाला विचारू. नसतील तरी ये. कुठे मिळाली, त्या दिवशी सुकती किती वाजता होती, तेवढं लिहून काढू.

माझ्या वहीत आज तीन वस्तू मालकाविना आहेत. एक आश्व्याला मिळालेलं बाळाचं चांदीचं वाळं, काळं पडलेलं, घुंगरू आहेत. एक मांद्र्याची सोन्याची अंगठी, आत एक नाव आणि वर्ष. आणि एक केरीच्या खाडीच्या तोंडाशी मिळालेली तांब्याची ताईत-पेटी, मेणानं बंद केलेली, मी उघडलेली नाही. तिन्हींची एकेक खूण मी पोटात ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणाकडे यांच्याबद्दल कुणी विचारत आलं असेल, तर मला कळवा. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळच्या सुकतीला मी मांद्र्याच्या किनाऱ्यावर असतो.

तुमचा,
पेडणे तालुक्यातला एक जुना शोधकरी